बेल्टबरोबर आणखी काय बदलायचं?

ज्ञानेशच्या गाडीने लाख किलोमीटरचा आकडा गाठला त्याच आठवड्यात गॅरेजवाल्या चांदभाईंनी बॉनेट उघडून आत टॉर्च मारली आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून घेतात तशा आवाजात म्हणाले, "ज्ञानेशभाऊ, टायमिंग बेल्ट बदलायला आला. आता तो अल्लाच्या भरवशावर चाललाय."

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागाला एका तालात ठेवणारा रबरी पट्टा. तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचं भंगार होतं. एवढं ज्ञानेशला ठाऊक होतं. बेल्ट बदलायला त्याची ना नव्हती. पण चांदभाई थांबले नाहीत.

"बेल्टबरोबर काय काय टाकायचं ते तुम्ही ठरवा. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आहे, त्याला वळण देणारी आयडलर पुली आहे, दोन ऑइल सील आहेत आणि त्याच बेल्टवर फिरून इंजिनात पाणी खेळवणारा वॉटर पंप आहे. सगळं त्याच बेल्टच्या मागे बसलंय. बेल्टसाठी उघडायचंच आहे तर सगळं एकदमच होऊन जाईल. उद्या पंप गळला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं खोलावं लागेल."

'तुम्ही ठरवा' या दोन शब्दांनी मध्यमवर्गीय माणसाचा जेवढा छळ केलाय तेवढा कुठल्याही सरकारने केला नसेल. डॉक्टर म्हणतो तुम्ही ठरवा, शाळेतले सर म्हणतात तुम्ही ठरवा, टाइल्सवाला म्हणतो तुम्ही ठरवा. ठरवायची अक्कल असती तर माणूस यांच्या दारात गेला असता कशाला?

ज्ञानेशची अडचण मात्र जरा वेगळी होती. ठरवणं हाच त्याचा धंदा होता. चाकणजवळच्या निघोज्याच्या एका कारखान्यात तो चोवीस वर्षं तपासनीस होता. माल चांगला की वाईट हे तो सांगायचा आणि तो सांगेल तेच कागदावर उतरायचं. कारखाना बनवत काय होता, तर गाड्यांचे वॉटर पंप.

पिंपरीच्या संत तुकाराम नगरातल्या त्याच्या सोसायटीत या गोष्टीला मोठा मान होता. कुणी गीझर आणला की त्याला दाखवायचं, कुणी मुलासाठी स्कूटर बघितली की त्याला घेऊन जायचं. 'ज्ञानेश ओके म्हणाला' असं म्हटलं की विषय संपायचा. दुसऱ्या माणसांकडे प्लॉट असतात, गावाकडे ऊस असतो. ज्ञानेशकडे त्याचा शब्द होता. रात्री त्याच्या जिवावर तो घोरायचा आणि सकाळी त्याच्याच जिवावर लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायचा. या गोष्टीत जे काही पणाला लागलं ते एवढंच.

घाई होती ती त्याच्या बायकोमुळे, विजयश्रीमुळे. ती महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका झाली होती आणि वाईजवळच्या तिच्या माहेरगावच्या शाळेने तिचा सत्कार ठेवला होता. येत्या रविवारी, सकाळी अकराला. दहा मिनिटं भाषण करायचं होतं. ती पंधरा दिवस वहीत लिहीत होती आणि खोडत होती. सव्वीस वर्षांत तिने नवऱ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. या वेळी मागितलं. "त्या दिवशी आपल्या गाडीने जायचं," ती म्हणाली. "आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. कंपनीचा फोन आला तर उचलायचा नाही."

सोमवारी संध्याकाळी ज्ञानेशने पार्किंगमध्ये बेल्टचा विषय सहज काढला. सोसायटीत कुठलाही विषय सहज काढू नये हे चोवीस वर्षांत तो शिकला नव्हता.

अध्यक्ष दौलतराव मावळातले, एका फाउंड्रीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "चालतीया न्हवं गाडी? मग कशापायी उघडायची? माझा गुडघा बी चालत व्हता. डाक्टर म्हनला उघडून बघू. उघडला. तवापासनं म्या जिन्यानं उतरतो पर चढत न्हाई."

"मग वर कसे जाता?" कुणीतरी विचारलं.

"लिफ्टनं. पर मुद्दा त्यो न्हाई."

तिसऱ्या मजल्यावरचा सुजित हिंजवडीला आयटीत होता. रोज कंपनीच्या कॅबमध्ये अडीच तास अडकून पडत असल्यामुळे जगातल्या प्रत्येक विषयावर वाचून त्याची मतं तयार असायची. "काका, डेटा घेऊ," असं म्हणून त्याने तिथल्या तिथे सोसायटीच्या ग्रुपवर मतदान लावलं. ज्ञानेशने बेल्टबरोबर काय बदलावं? रात्री जेवणाआधी निकाल लागला. फक्त बेल्ट, चौदा मतं. बेल्ट, टेन्शनर आणि पंप, नऊ मतं. गाडीच विकावी, बावीस मतं. या बावीस जणांत विजयश्रीच्या भिशीतल्या सहा बायका होत्या आणि त्यांच्यापैकी एकीकडेही गाडी नव्हती. एकाने मतदान न करता 'पार्किंगमध्ये ऑइल सांडल्यास दंड' ही जुनी सूचना पुन्हा टाकली. लोकशाहीत असे लोक लागतातच.

निकाल काही लागो, ज्ञानेशने मनाशी पूर्ण संच बदलायचं ठरवलं. तपासनिसाच्या गाडीत अर्धवट काम शोभलं नसतं. आणि पंप आपल्याच कारखान्यातून घ्यावा, ताजा, लाइनवरचा, आपल्या हाताने निवडून, असं त्याच्या मनात आलं.

मंगळवारी त्याने स्टोअरमध्ये विचारलं. स्टोअरने एचआरकडे पाठवलं. एचआरकडे 'कर्मचारी उत्पादन खरेदी विनंती' नावाचा फॉर्म होता. तो चार प्रतींत भरायचा होता. त्यातल्या एका रकान्यात 'आपण या उत्पादनाच्या तपासणीशी संबंधित आहात काय?' असा प्रश्न होता. ज्ञानेशने प्रामाणिकपणे 'होय' लिहिलं, म्हणून फॉर्म बाद झाला. रोज चारशे पंप हाताखालून घालवणाऱ्या माणसाला त्यातला एक विकत घ्यायची परवानगी नव्हती. एचआरची मुलगी गोड हसून म्हणाली, "सर, बाहेर दुकानात मिळतो की आपलाच."

बाहेर दुकानात मिळतो, हे ज्ञानेशला चांगलं ठाऊक होतं. आणि तिथे आत्ता कुठला मिळतोय, हेही ठाऊक होतं.

मागच्या महिन्याच्या तीस तारखेला एक लॉट त्याच्यासमोर आला होता. पंपाच्या बेअरिंगचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, मापापेक्षा जास्त होता. फार नव्हता, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा, पण जास्त होता. ज्ञानेशने माल अडवणारं लाल कार्ड लावलं. अर्ध्या तासात प्रॉडक्शन मॅनेजर रणजीत आला. वय चौतीस, बूट चकचकीत, ज्ञानेशला काका म्हणायचा आणि त्या काका म्हणण्यातच ऑर्डर असायची.

"काका, महिनाअखेर आहे. बाराशे नग अडकलेत. आणि हा काही कुठल्या कार कंपनीच्या लाइनवर जाणारा माल नाही, स्पेअरच्या बाजारात जाणारा आहे. तिथे कोण माप घेऊन बसलंय? डेव्हिएशन टाका."

डेव्हिएशन ही कारखानदारीतली फार सुसंस्कृत सोय आहे. माल चुकलाय हे कागदावर मान्य करायचं, खाली 'तरीही वापरण्यास योग्य' असं लिहायचं आणि सही करायची. कुणी खोटं बोलत नाही आणि ट्रक पाच वाजता निघतो. ज्ञानेशने चार वाजून चाळीस मिनिटांनी सही केली. पेन चालेना म्हणून रणजीतने स्वतःचं दिलं.

बुधवारी ज्ञानेश रजा टाकून चांदभाईंच्या गॅरेजमध्ये गेला. मजा बघायला दौलतरावही आले, लंगडत, पण आले. इंजिनाचा पुढचा भाग उघडा पडला होता आणि जुना बेल्ट बाकावर ठेवला होता. शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून एहसान स्वतः माल घेऊन आला. वडिलांच्या माघारी दुकान चालवणारा तिशीतला मुलगा. बोलायला अदबशीर, आणि बिलाशिवाय खिळाही न विकणारा. बेल्ट, टेन्शनर, आयडलर, सील, सगळं त्याने एकेक करून बाकावर मांडलं. शेवटी निळा डबा ठेवला.

ज्ञानेशने डबा उचलून उगाच उलटा केला. खाली लॉट नंबर होता. तीस तारखेचा.

"पंपाचं काय करू?" चांदभाईंनी विचारलं. "जुना अजून गळत नाही. बेअरिंगला थोडा आवाज आहे, पण जाईल आणखी काही हजार किलोमीटर. तुमच्याच कंपनीचा माल आहे, तुम्हीच तपासता. तुम्ही सांगाल तसं."

खरं तर 'जुनाच राहू द्या' हे तीन शब्द पुरले असते. ज्ञानेशने तोंडही उघडलं. तेवढ्यात एहसान म्हणाला, "साहेब, मी तर दुसऱ्या कंपनीचा पंप ठेवतच नाही. लोकांना सांगतो, संत तुकाराम नगरचे ज्ञानेश साहेब तपासतात, डोळे झाकून घेऊन जा."

दौलतरावांनी अभिमानाने मान हलवली, जणू ज्ञानेशला त्यांनीच फाउंड्रीत ओतला होता.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय म्हणावं? माझ्या सहीचा माल दुसऱ्यांना चालतो, मला चालत नाही, असं म्हणावं? ज्ञानेशला नाक होतं, आणि ते चारचौघांत कापून घ्यायची त्याची तयारी नव्हती.

"टाका," तो म्हणाला. "नवाच टाका. आणि थर्मोस्टॅट पण बदला. होज पाइप बदला. कूलंट नवं भरा. पुढचा अल्टरनेटरचा बेल्टही बदलून टाका."

चांदभाई बघतच राहिले. पंपाबद्दल जी शंका होती ती सगळी ज्ञानेशने बाकीच्या भागांवर काढली. तब्येत ठणठणीत असलेला एक क्लॅम्पसुद्धा त्या दिवशी सुटला नाही.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार तो गाडी चाकणला नेत होता आणि रेडिओ बंद ठेवून कान देत होता. शनिवारी मोशीच्या सिग्नलला बारीक कुईं असा आवाज आला. ज्ञानेशने रेडिओ लावला.

रविवारी सकाळी सहाला दोघं निघाली. विजयश्रीने जांभळी इरकल नेसली होती, मांडीवर वही होती. कात्रजच्या पुढे तिने भाषण म्हणून दाखवायला सुरुवात केली, खेड शिवापूरला थांबली आणि म्हणाली, "अहो, हा आवाज कसला?"

"नवे भाग आहेत. बसतायत."

"बसताना एवढं रडतात?"

शिरवळ मागे पडलं आणि आवाज कुईंवरून खरखरीवर गेला, काटा लाल रेघेकडे सरकला, पुढून धाडकन काहीतरी आदळल्यासारखं झालं आणि गाडी मुकी झाली. ज्ञानेशने ती कशीबशी कडेला घेतली. बॉनेट उघडायची त्याला गरज नव्हती. तरी त्याने उघडलं, कारण बायको बघत होती.

मग त्याने विम्याच्या मदत क्रमांकावर फोन लावला. आधी भाषा निवडावी लागली. मग एका मुलीने गाडी सुरक्षित ठिकाणी आहे का विचारलं, आपण सुरक्षित आहात का विचारलं, आणि मग पिनकोड विचारला.

"मॅडम, मी हायवेवर आहे. शिरवळच्या पुढे."

"सर, पिनकोडशिवाय सिस्टिम पुढे जात नाही."

ज्ञानेशने घरचा पिनकोड दिला. त्यामुळे टोइंगची गाडी पिंपरीत त्याच्या इमारतीखाली येऊन उभी राहिली आणि 'ग्राहक जागेवर नाही' अशी नोंद करून परत गेली. दौलतरावांनी वरून तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

साडेनऊ वाजले. विजयश्रीने पदर खोचला आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून हात केला. थांबला तो दुधाचा टेम्पो. मागे कॅन आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी एकच जागा होती.

"तुम्ही गाडीपाशी थांबा," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मुख्याध्यापिकाबाई इरकल सांभाळत टेम्पोत चढल्या आणि ज्ञानेश कडेला उभा राहून हात हलवत राहिला. पहिल्या रांगेतली त्याची खुर्ची रिकामी राहिली असेल, किंवा कुणी सरपंच तिच्यात बसला असेल.

संध्याकाळी ती भावाच्या गाडीने परतली. शाल, श्रीफळ आणि मोबाइलमध्ये भाषणाचा व्हिडिओ. ज्ञानेशने चहा केला आणि व्हिडिओ बघायला बसला. ती छान बोलत होती, सावकाश, न वाचता. सातव्या मिनिटाला म्हणाली, "माझे यजमान आज येऊ शकले नाहीत. ते कारखान्यात तपासनीस आहेत. चुकीच्या गोष्टीवर सही करायची नाही, मग समोर कुणीही असो, हे मी त्यांच्याकडून शिकले." टाळ्या पडल्या. ज्ञानेशने चहाचा कप उचलून स्वयंपाकघरात नेला आणि विसळत उभा राहिला. कप स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ विसळत राहिला.

गाडी मंगळवारी चांदभाईंकडे पोचली. त्यांनी ती खोलली आणि ज्ञानेशला बोलावलं. "बघा. टेन्शनर नवा, पुली नवी, सील नवे, सगळं चकाचक. पंपाचं बेअरिंग जाम झालं, त्यानं बेल्ट फाडला. आठही व्हॉल्व्ह वाकले."

ज्ञानेशने वाकलेला एक व्हॉल्व्ह उचलला आणि परत होता तिथे ठेवला.

चांदभाईंनी हात पुसले आणि आपल्या भल्या मनाने त्याच्यासाठी एक दार उघडलं. "मी काय म्हणतो, तुमच्या हाताखालून असा माल जाणारच नाही. म्हणजे डबा नकली होता. आजकाल डब्यासकट नकली येतात."

"असेल," ज्ञानेश म्हणाला.

एकच शब्द. तो त्याने घरी येताना दौलतरावांपुढे पुन्हा उच्चारला, कारण त्यांनीही तेच विचारलं. जेवायच्या आत ग्रुपवर आलं: एहसानच्या दुकानात नकली माल, सावध राहा. खाली सुजितने धोक्याच्या लाल खुणा टाकल्या. गीझरवाल्यांनी, स्कूटरवाल्यांनी, ज्यांनी त्या दुकानातून कधी आरशाचा स्क्रूही घेतला नव्हता त्यांनीही, आपल्याला आधीपासूनच संशय होता असं लिहिलं. ज्ञानेश काही लिहीत नव्हता. मोबाइल उलटा ठेवत होता आणि पुन्हा सुलटा करत होता.

गुरुवारी संध्याकाळी एहसान सोसायटीत आला. हातात खोका होता, दुसऱ्या हातात बिलांची फाइल. दाढी वाढली होती. पार्किंगमध्ये माणसं जमायला वेळ लागला नाही. भाजी घेऊन येणारी विजयश्रीही गेटजवळ थांबली.

"साहेब," एहसान म्हणाला, "दोन दिवसांत माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलेलं नाही. चांदभाई माझ्याशी बोलत नाहीत. अब्बांच्या वेळेपासून दुकान आहे. ही बघा डिस्ट्रिब्युटरची बिलं. पण बिलांचं काय, बिलंही नकली असतात म्हणतील लोक. तुम्ही कंपनीचे आहात. तुम्ही सगळ्यांसमोर सांगा, हा पंप असली की नकली? नकली म्हणालात तर मी आज शटर ओढतो."

चांदभाईंनी दुकानात परत पाठवलेला तुटका पंप त्याने ज्ञानेशच्या हातात दिला. ज्ञानेशने तो फिरवला. नंबर बघायची गरज नव्हती, तरी बघितला. वीस-बावीस माणसं बघत उभी होती. नकली म्हटलं असतं तर सगळी घरी जाऊन निवांत जेवली असती, त्याच्यासकट.

"असली आहे," ज्ञानेश म्हणाला. मग मोठ्याने पुन्हा म्हणाला, "असली आहे. आमचाच. लॉट खराब होता. मला माहीत होतं. मी सही केली."

मग दौलतरावांनी मांडीवर थाप मारली.

"बगा! बगा मानूस! पोराचं दुकान बसू नये म्हनून सगळं सोताच्या अंगावर घ्यायला लागलाय! आरं, हाय का आसा कोन ह्या पिंपरीत?"

"काका, रिस्पेक्ट," सुजित म्हणाला आणि त्याने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

"अहो, मी खरं सांगतोय," ज्ञानेश ओरडला. "बेअरिंगचा खेळ जास्त होता! मी लाल कार्ड लावलं होतं आणि मीच ते काढलं!"

"ऱ्हाऊ द्या वं, ज्ञानेशराव," दौलतराव गहिवरून म्हणाले. "कळलं आमास्नी."

एहसानचे डोळे भरून आले होते. त्याने दोन्ही हातांनी ज्ञानेशचा हात धरला. "साहेब, माझ्याकडून चूक झाली असेल, कुठून तरी नकली माल शिरला असेल. तरी तुम्ही माझी इज्जत राखलीत." खोक्यातून त्याने नवा निळा डबा काढला आणि त्याच्या हातात ठेवला. "हा माझ्याकडून. इंजिन बांधाल तेव्हा हाच बसवा. नाही म्हणू नका. आणि बाकीचे मी तुमचं नाव सांगून विकतो."

डब्याच्या खाली तोच नंबर होता. ज्ञानेशने तोंड उघडलं, पण त्याच्यापाशी आता आणखी खरं असं काही सांगायला उरलं नव्हतं.

गर्दीतून विजयश्री पुढे आली. तिने भाजीची पिशवी खाली ठेवली, नवऱ्याच्या हातातला डबा घेतला आणि एहसानच्या खोक्यात परत ठेवून खोक्याची झापडं मिटली.

"भाऊ, हे सगळे परत पाठवा," ती म्हणाली. "विकलेत ते पण मागवून घ्या. हे खरं बोलतायत. ह्यांच्या सहीचा माल विकू नका."

मग पिशवी उचलून ती जिन्याकडे निघाली. दौलतराव अजून कौतुकाने हसत होते, सुजित मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता, आणि एहसान खोका छातीशी धरून कुणाकडे बघावं ते न कळून उभा होता. चोवीस वर्षं सगळी सोसायटी ज्ञानेशच्या शब्दावर चालली होती. आज त्याने खरा शब्द दिला तेव्हा तो खरा मानणारं तिथे एकच माणूस होतं, आणि ते जिना चढून गेलं होतं.